बेडूक नंतर, आधी रातकिडे!

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. काचेच्या पेटीत एक गोल गरगरीत बेडूक बसलाय. एकदम ढिम्म. समोरून एक रातकिडा येतो. जीभ सटकन बाहेर, रातकिडा गायब. बेडूक डोळे मिटून घास गिळतो आणि पुन्हा ढिम्म.

बघता बघता आपल्यालाही वाटतं, यार, रूमवर असा एक पाहिजे! फिरवायला न्यायची कटकट नाही, भुंकणं नाही, सोफ्यावर केस नाहीत. पॅकमॅन फ्रॉग म्हणू नका, व्हाइट्स ट्री फ्रॉग म्हणू नका, हौस करणारे आता आपल्याकडेही दिसतात.

पण त्या रीलमध्ये एक गोष्ट दाखवत नाहीत. तो रातकिडा आला कुठून? तो काय खाऊन मोठा झाला? आणि उद्याचा रातकिडा कुठून येणार?

बेडूक पाळायचा तर या तीन प्रश्नांची उत्तरं बेडूक घरी येण्याआधी तयार पाहिजेत.

हललं तरच जेवण

१९५९ साली अमेरिकेत जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाचा डोळा मेंदूला नेमकं काय सांगतो, यावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. छोटी, गडद, हलणारी वस्तू समोर आली की बेडकाच्या डोळ्यातून मेंदूला खास संदेश जातो. वस्तू हलली नाही तर ते जेवण आहे, हे त्याला कळतच नाही. मेलेल्या माश्यांच्या ढिगात बसूनही बेडूक उपाशी मरू शकतो.

चिमट्याने हलवून दिलेलं तयार खाद्य काही बेडूक खातात. बाकीच्यांना जिवंत किडाच लागतो. पिल्लू असेल तर बहुतेक रोज, मोठा असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा. परीक्षा असो, गणपतीची सुट्टी असो, की तुमचा गावी जायचा प्लॅन.

किड्याच्या पोटात काय आहे?

रातकिडे दिले, बेडकाने खाल्ले, पोट भरलं. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम असा की रातकिड्यात आणि पिवळ्या मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. बेडकाला नेमकं उलट हवं असतं. नुसतेच किडे देत राहिलात तर त्याचं शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. तोवर बेडूक खातोय, बसलाय, सगळं ठीक वाटत असतं. लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो आणि बेडकावर उपचार करणारा डॉक्टर शोधेपर्यंत नाकी नऊ येतात.

वायोमिंग टोडची गोष्ट ऐका. खरखरीत कातडीचा हा छोटा प्राणी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला. निसर्गातून तो जवळपास संपला, म्हणून प्राणिसंग्रहालयांत त्याची पैदास सुरू झाली. तिथे काही टोड जीभ फेकायचे, पण भक्ष्य जिभेला चिकटायचंच नाही. समोर जेवण आणि तोंडात काही नाही! पुढे या आजाराचा संबंध 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडला गेला. जाणकारांच्या देखरेखीत हे होऊ शकतं, तर आपल्या रूमवर का नाही होणार?

उपाय दोन आणि दोन्ही सोपे. किडे बेडकाला देण्याआधी २४ ते ४८ तास त्यांना गाजर, लाल भोपळा, धुतलेली पालेभाजी असं सकस खायला घाला. मग देताना किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत हलकेच घोळवा. डी-३ आणि 'अ' जीवनसत्त्वाची पावडर किती आणि कधी, ते मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून. जास्त झालं तरी ती बाधतात.

कोणता किडा घ्यायचा?

रातकिडे : रोजच्या जेवणाचा आधार. चपळ असतात, त्यामुळे बेडूक लगेच झडप घालतो. पण रात्री नर किर्र करतात. रूममेटशी भांडण नको असेल तर पंख फुटायच्या आतले रातकिडे वापरा, ते गात नाहीत.

मीलवर्म : या एका भुंगेऱ्याच्या अळ्या. गव्हाच्या कोंड्यात आरामात वाढतात, आवाज नाही, उड्या नाहीत. पण चरबी जास्त आणि कवच कडक, म्हणून रोजची पोळी-भाजी नाही, कधीतरीचा वडापाव समजा.

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या : यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर. मात्र कातडी चिवट असल्याने अख्खी अळी गिळली तर त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही.

गांडूळ : मोठ्या बेडकांना उत्तम. पण गांडूळखतातलं लाल गांडूळ घाण वासाचा द्रव सोडतं, त्यामुळे बरेच बेडूक ते थुंकून टाकतात.

फळमाश्या : पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी चिलटं. अगदी छोट्या बेडकांसाठी. २५ अंश तापमानात दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार.

मापाचा नियम एकच. बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. आणि एकाच किड्यावर विसंबू नका. २०१० च्या सुमारास एका विषाणूने उत्तर अमेरिकेतले अनेक रातकिडा फार्म बसवले. फार्म बसतात, तिथे आपला एक खोका काय!

खोका कसा मांडायचा?

गुळगुळीत भिंतींचा, ४०-५० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला मोठी खिडकी कापून धातूची बारीक जाळी लावा. नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. आत पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे ठेवा. खायला गव्हाचा कोंडा, भरडलेले ओट्स आणि भाज्यांचे तुकडे. पाण्याची वाटी ठेवू नका, त्यात बुडून मरतात. ओला कापूस किंवा गाजराची चकती पुरते.

मादी ओळखायची शेपटाकडच्या लांब सुईवरून. छोट्या डबीत चार-पाच सेंटीमीटर ओलसर कोकोपीट भरून आत ठेवा. ती सुई खुपसून मादी अंडी घालते. तीन-चार दिवसांनी ही डबी वेगळ्या डब्यात हलवा, कोकोपीट सुकू देऊ नका. ३० अंशांच्या आसपास ऊब असेल तर साधारण दहा-बारा दिवसांत इवलीशी पिल्लं बाहेर येतात. सहा ते आठ आठवड्यांत मोठी होतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत गाडी हळू चालते, तेव्हा ऊब द्यावी लागते.

डब्यात दमटपणा आणि सडकी भाजी राहिली की वास सुटतो, किडे पटापट मरतात. रोज पाच मिनिटं द्या. आई म्हणेल, "स्वतःची खोली आवरत नाहीस आणि किड्यांचा डबा पुसतोस!" ऐकून घ्या.

हे मात्र नको

पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली किडेच किडे असतात, फुकटात काम होईल असं वाटतं. पण ते कुठल्या फवारणीतून आलेत, माहीत नसतं. जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात तर एकही आणू नका. अमेरिकेतल्या काही काजव्यांमध्ये इतकं जहाल विष असतं की ते खाऊन पाळीव सरडे मेलेत. आपल्या काजव्यांची परीक्षा आपल्या बेडकावर घ्यायला नको.

न खाल्लेले रातकिडे पेटीत सोडून झोपू नका, ते बेडकालाच कुरतडतात. पाळीव बेडूक कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडू नका. पावसात दिसलेला देशी बेडूक उचलून आणू नका, त्याची जागा शेतात आहे. परदेशी प्राणी घेताना पावती घ्या. आंतरराष्ट्रीय 'साइट्स' करारातली प्रजाती असेल तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

६० दिवसांची परीक्षा

आता एक आव्हान. बेडूक आत्ता घेऊच नका. आधी फक्त रातकिड्यांचा डबा मांडा आणि ६० दिवस चालवून दाखवा. तेवढ्यात अंड्यापासून मोठ्या किड्यापर्यंत एक पिढी तुमच्या हातून वाढलेली असेल.

जमलं तर तुम्ही तयार आहात. नाही जमलं, कंटाळा आला, वास सहन झाला नाही, तर काही बिघडलं नाही. थोडे पैसे गेले, पण एक बेडूक वाचला. कारण नीट सांभाळला तर व्हाइट्स ट्री फ्रॉग पंधरा वर्षंही जगू शकतो. आज एफवायला असाल तर डिग्री होईल, नोकरी लागेल, कदाचित लग्नही होईल. तो तेव्हाही तसाच ढिम्म बसलेला असेल, पुढच्या रातकिड्याची वाट बघत.

तो रातकिडा तुम्हीच वाढवायचाय.