फुरसत आणि बेकारी : रिकाम्या वेळेचा समाजशास्त्रीय विचार

काम नसलेला वेळ म्हणजे फुरसतीचा वेळ, ही समजूत इतकी रूढ आहे की तिची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. ही समजूत खरी मानली, तर बेकार मनुष्य हा सर्वांत अधिक फुरसत लाभलेला मनुष्य ठरावयास हवा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ते का घडत नाही, याचा उलगडा येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. प्राचीन ग्रीक भाषेत फुरसतीस 'स्खोले' म्हणत व उद्योगास 'आस्खोलिया', म्हणजे फुरसतीचा अभाव. लॅटिनमधील 'ओतिउम' आणि 'नेगोतिउम' ही जोडीही अशीच बनलेली आहे. ज्या समाजात बरेचसे कष्ट गुलामांच्या वाट्यास होते, तेथे स्वतंत्र नागरिकाच्या दृष्टीने फुरसत हीच मूळ अवस्था होती. फारसीतून मराठीत आलेल्या 'बेकार' या शब्दाची घडण नेमकी उलट आहे. 'कार' म्हणजे काम. ते ज्यास नाही तो बेकार. पुढे त्यास 'टाकाऊ' असाही अर्थ चिकटला. 'रिकामटेकडा' या शब्दात तर उघड निंदाच आहे. परंतु 'सवड' ही कामातून काढावी लागते, आणि 'सुटी' या शब्दाचे नाते 'सुटणे' या क्रियापदाशी आहे. जो बांधलेला असतो तोच सुटतो. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचे नियम सिद्ध होत नाहीत, हे खरे. तथापि शब्दांनी सुचविलेल्या या दिशेस एका प्रसिद्ध पाहणीने पुष्टी दिली आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल ही एका कापड कारखान्यावर जगणारी वसाहत होती. जागतिक मंदीच्या प्रारंभी तो कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सारी वस्ती एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी तेथे केलेल्या पाहणीचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक झाल्यावर वाचन वाढेल अशी अपेक्षा. पण ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या वर्गणी माफ असूनही दोन वर्षांत सुमारे निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यातून सावकाश, वारंवार थांबत चालत. दिवसभर काय केले, हे त्यांस नीट सांगता येईना. स्त्रियांची चाल मात्र अधिक जलद होती, कारण कारखाना बंद झाला तरी चूल आणि मुले यांचे काम थांबले नव्हते. वेतन दोघांचेही गेले होते. दिवसाची घडी मुख्यतः पुरुषांची विसकटली होती.

याहोडा यांनी पुढे १९८२ साली या अनुभवाची तात्त्विक मांडणी केली. नोकरीचा प्रकट हेतू वेतन हा असला, तरी तिच्यातून नकळत आणखी पाच गोष्टी मिळतात : दिवसाची बांधणी, कुटुंबाबाहेरील माणसांचा सहवास, सामूहिक उद्दिष्टात सहभाग, समाजातील स्थान आणि नियमित कृती. फुरसत ही या बांधणीच्या आधाराने उभी असते. आधार काढून घेतला की उरतो तो केवळ न सरणारा वेळ.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची स्थापना केली. साप्ताहिक सुटी मात्र नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनंतर १८९० साली मिळाली. आठवड्याच्या कामाची कायदेशीर मर्यादा १९२२ मध्ये साठ, १९३४ मध्ये चौपन्न आणि १९४८ मध्ये अठ्ठेचाळीस तास झाली. म्हणजे कामगाराची फुरसत ही कोणी दिलेली देणगी नसून तासातासाने मिळविलेला हक्क होता. भजनी मंडळे, व्यायामशाळा, गावकऱ्यांची मंडळे आणि कामगार रंगभूमी यांचे जीवन पाळीच्या वेळापत्रकाभोवती गुंफलेले होते. भोंगा होता म्हणूनच भोंग्यानंतरच्या संध्याकाळीस मोल होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. संपाचा काळ हा आरंभी रिकामा काळ नसतो. त्यात सभा असतात, सोबती असतात, समान उद्दिष्ट असते. याहोडा यांनी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टी तेथे टिकून राहतात. परंतु संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही आणि हजारो कामगारांस गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. कित्येक कामगार कोकणात वा घाटावर आपापल्या गावी परतले. संपकरी केव्हा बेकार झाला, याचा दिवस सांगता येत नाही. आणि या परिवर्तनातील दुःखाचा एक भाग त्या अनिश्चिततेतच आहे. गिरणीबरोबर पाळी गेली, आणि पाळीबरोबर पाळीनंतरची संध्याकाळही गेली.

यावरून निष्कर्ष असा की बेकारीवरील उपाय केवळ निर्वाहभत्त्याने पुरा होत नाही. भत्ता आवश्यक आहे, यात शंका नाही. पण तो पाचांपैकी एकही गोष्ट आपोआप देत नाही. यंत्रे मनुष्याचे श्रम हलके करतील आणि सर्वांस फुरसत लाभेल, असे आज पुन्हा सांगितले जात आहे. ते ऐकताना एक प्रश्न अवश्य विचारावा : वाचणारे तास कामावर असलेल्या सर्वांमध्ये वाटले जाणार, की काहींच्या माथी एकवटणार? पहिल्या प्रकारास सुटी म्हणतात, दुसऱ्यास बेकारी.