शाळेच्या आवारातील फळबाग

रायपूरच्या परिसरातील शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार मानतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. यांपैकी भाटा ही उंचवट्यावरची, तांबूस व खडेमिश्रित. कन्हार ही सखल भागातील काळी. भाताची जमीन इमारतीसाठी सहसा कोणी सोडत नाही. म्हणून शाळेच्या वाट्याला पुष्कळदा भाटाच येते. वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा. परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात, आणि भाटा तो धरून ठेवीत नाही. यास्तव आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद व खोल असा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा लागतो. मुरूम बाजूला काढून तो चांगली माती, शेणखत आणि वाळवीच्या बंदोबस्तासाठी निंबोळी पेंड यांनी भरतात.

झाडांची निवड करताना एक साधा हिशेब विसरला जातो. प्राथमिक शाळेत मूल पाच वर्षे असते. कोयीपासून वाढविलेला आंबा फळावर येण्यास त्याहून अधिक काळ घेतो. कलमी आंबा चार-पाच वर्षांत, तर पेरूचे कलम दोन-तीन वर्षांत फळते. पहिलीत रोप लावणाऱ्या मुलाला त्याचे फळ चाखता यावे, असे वाटत असेल तर पेरू, सीताफळ व कलमी बोर यांना अग्रक्रम हवा. आंबा आणि जांभूळ धाकट्या भावंडांसाठी.

खरी कसोटी मे महिन्यात लागते. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नेमकी त्याच वेळी शाळेला सुट्टी असते. पावसाळ्यातील वृक्षारोपणाच्या समारंभांची रोपे मरतात ती येथे. रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मडके तीन-चार दिवसांनी भरले, तरी पाझरणाऱ्या पाण्यावर रोप तगते. मात्र ते भरणारा कोणी हवा. दुसरे संकट गुरांचे. पेरणीनंतर मोकाट गुरांना आवर घालण्याची ‘रोका-छेका’ ही छत्तीसगढची जुनी रीत; २०२० मध्ये राज्य शासनाने त्याच नावाने मोहीमही काढली. तथापि ती उभ्या पिकासाठी. कापणीनंतर गुरे सुटतात, त्या वेळी रोपाचे रक्षण कुंपणानेच व्हायचे. करवंदाची काटेरी वई लावल्यास तीही फळे देते. ती दाट होईपर्यंत बांबूचे कूड पुरते.

म्हणूनच बाग केवळ शिक्षकांवर सोपवून भागत नाही. शेजारच्या चार-पाच घरांनी उन्हाळाभर मडकी भरावीत आणि मुलांच्या मध्यान्ह भोजनाला लागणारी फळे वगळून उरलेल्यांत त्या घरांचा वाटा असावा, हे लागवडीपूर्वीच गावासमोर ठरलेले बरे.