जमिनीतला धातू काढताना हत्यार कोणते घ्यावे?



निंदणी करताना बाईच्या बोटातली अंगठी गळून पडते. नांगराचा फाळ मोडून ढेकळात राहतो. कुंपणाच्या तारेचे तुकडे मातीत मिसळतात, आणि तेच चाऱ्याबरोबर गुराच्या पोटात गेले तर जनावर हातचे जाते. अशा वेळी धातू शोधणारे यंत्र उपयोगी पडते. लांब दांडा, खाली ताटलीसारखी चकती. ती जमिनीवरून फिरवली आणि खाली धातू असला म्हणजे यंत्र आवाज करते. हल्ली काही तरुण मंडळी हौस म्हणूनही असे यंत्र घेतात.

यंत्र फक्त जागा दाखवते. वस्तू बाहेर काढायची ती आपल्या हाताने आणि हत्याराने. इथेच बहुतेकांची चूक होते. आवाज आला रे आला की टिकाव उचलला आणि घातला घाव! अंगठी चेपते, पाइप फुटतो, आणि एखादी जुनी वस्तू असली तर तिचे दोन तुकडे होतात. म्हणून हत्यार कोणते आणि ते केव्हा वापरावे, हे आज पाहू.

किती खोल जायचे?

साधे हौशी यंत्र नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच दाखवते. फाळासारखी मोठी वस्तू त्याहून खोल असली तरी कळते. म्हणजे बारीक वस्तूसाठी हातभर खड्डा करण्याचे कारण नाही. वीतभर जाईल एवढे हत्यार पुरे.

आपल्या खानदेशातली काळी माती काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तिच्यात लोहाचे बारीक कण असतात. त्यामुळे यंत्र कधी कधी उगाच वाजते. एका बाजूने चकती फिरवून आवाज आला म्हणून लगेच खोदू नका. पूर्व-पश्चिम फिरवा, मग दक्षिण-उत्तर फिरवा. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी आवाज आला तर तिथे काडीने फुली करा. आपले खुरपे, पहार मात्र तीन-चार पावले लांब ठेवा, नाहीतर यंत्र त्यांनाच हाक देईल.

वाफसा पाहून खोदा

पेरणीला वाफसा लागतो, तसा खोदायलाही लागतो. वैशाखात काळी जमीन दगडासारखी होते. तिच्यात खुरपे शिरत नाही, म्हणून माणूस पहार मारतो आणि नुकसान करून बसतो. भर पावसात तीच माती हत्याराला चिकटते आणि वस्तू चिखलाच्या गोळ्यात हरवते. मुठीत माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोटाने टोचले असता फुटावा, ही वेळ उत्तम. घाई असलीच तर आदल्या संध्याकाळी जागेवर दोन बादल्या पाणी शिंपडून ठेवा आणि सकाळी खोदा.

आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात. हरवलेली बारीक वस्तू भेगेतून खाली उतरते. तेव्हा अंगठी हरवली तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका, लवकर शोधा.

कोणते हत्यार कशासाठी?

खुरपे : अंगठी, नाणे, खिळा यांसाठी हेच पहिले हत्यार. पाते दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब असावे. टोक फार अणकुचीदार नको, थोडे गोल असलेले बरे. वस्तूला लागले तरी ओरखडा कमी पडतो. गावच्या लोहाराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याचे करून घ्या. ते लवकर वाकत नाही. पात्याला पाणी बेताचे द्यायला सांगा. जास्त कडक झाले तर दगडावर मोडते. मूठ बाभळीची, हातात भरेल एवढी जाड असावी. पात्यावर बोटाबोटाच्या अंतराने खुणा करून घेतल्या तर खोली चटकन कळते.

बांबूची कामटी : हिला काही खर्च नाही. वस्तू दिसू लागली की लोखंड बाजूला ठेवा आणि कामटीने माती सोडवा. तांब्या-पितळेवर कामटीचा ओरखडा उठत नाही.

कुदळ : मोडलेला फाळ, वखराची पास किंवा साखळी काढायला चालते. पण फुलीवर घाव घालू नका. फुलीपासून हातभर अंतरावर बाजूने माती मोकळी करत या.

फावडे आणि घमेले : सुटलेली माती उचलायला. माती एकाच बाजूला गोणपाटावर टाका. वस्तू खड्ड्यात सापडली नाही तर त्या मातीवरून पुन्हा यंत्र फिरवता येते.

टिकाव आणि पहार : दगड हलवायचा किंवा झाडाचे खोड काढायचे तेव्हाच. यंत्र वाजलेल्या जागी ही दोन्ही हत्यारे नकोतच.

खोदायचे कसे?

फुलीभोवती वीतभर अंतर ठेवून खुरप्याने तीन बाजूंनी काप घ्या. चौथी बाजू तशीच ठेवा. मग खालून खुरपे सरकवून ढेकूळ अखंड उलटे करा. त्यावरून यंत्र फिरवा. ढेकूळ वाजले तर ते हाताने फोडा. खड्डा वाजला तर कामटीने आणखी दोन बोटे खाली जा. काम झाले की ढेकूळ पुन्हा बसवून पायाने दाबा. उघडा खड्डा बैलाचा पाय मोडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

खोदण्याआधी विहिरीची पाइपलाइन आणि मोटारीची केबल कुठून गेली आहे ते घरच्या जाणत्या माणसाला विचारा. प्लॅस्टिकचा पाइप यंत्राला कळत नाही. यंत्र गप्प राहिले म्हणजे खाली काहीच नाही असे समजू नका. केबल जवळपास असेल तर आधी वीज बंद करा. इंधनवाहिनीच्या खुणेचे खांब असलेल्या पट्ट्यात तर खोदूच नका.

पांढरीत थांबा

आतापर्यंत काळीचे सांगितले. पांढरीची गोष्ट वेगळी आहे. ओसाड गावठाणाची, नदीकाठच्या टेकाडाची पांढुरकी माती आपण धाब्याच्या घरांवर टाकायला पूर्वीपासून आणत आलो. ती माती म्हणजे जुन्या वस्तीची राख, पडलेल्या भिंती आणि खापरे. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ येथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ च्या सुमारास केले. ते गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. तीन हजार वर्षांहूनही जुन्या वस्त्या तिथे सापडल्या. चाळीसगाव तालुक्यातच पाटणे येथे १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. असा मणी टिकावाखाली आला तर त्याचा चुरा होईल आणि आपल्याला कळणारही नाही.

शेतकऱ्याच्याच हाताला मोठी वस्तू लागल्याचे उदाहरणही आपल्या राज्यात आहे. अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एक भिल्ल शेतकरी झुडपाचे मूळ खणत होता. त्याला काशाच्या चार मूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारी मिळून वजन साठ किलोंच्या आसपास. त्या मोडीत गेल्या असत्या तर फक्त धातूचा भाव आला असता. आज त्या साऱ्या देशाच्या मोलाच्या ठरल्या आहेत.

म्हणून खोदताना मातीचा रंग बदलला, राख, रंगीत खापरे किंवा हाडे दिसली, तर हात थांबवा. वस्तू कोणत्या थरात, कशाजवळ होती यावरून तिचे वय कळते. एकदा उपटली की ती माहिती गेली, ती पुन्हा मिळत नाही. वस्तू घासूपुसू नका. देवघरातले तांब्याचे भांडे चिंचेने लख्ख करतो तसे तर मुळीच करू नका. हिरवा थर गेला की खालची अक्षरेही जातात. कानस लावून सोने आहे का पाहू नका. मातीसकट कोरड्या कापडात ठेवा आणि जागेवर खुंटी ठोका.

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे, जमिनीत दडलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे लिहायचे. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावी लागते किंवा तारण द्यावे लागते. तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत विचारले तर पुढची वाट कळते.

‘सरकार सगळेच घेऊन जाईल,’ असे पुष्कळ जण म्हणतात. तसे नाही. धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसला तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा, अशी तरतूद आहे. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवले तर मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, असे १९७२ चा पुरावशेष कायदा सांगतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खोदणे हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या शेतात जायचे तर मालकाला आधी विचारा आणि वाट्याचे बोलणे आधीच करून ठेवा. नंतर भाऊबंदकी नको.

आणि गुप्तधन दाखवतो म्हणून कोणी लिंबू-नारळ घेऊन दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एवढे ध्यानात ठेवा : बारीक वस्तूला खुरपे, वस्तू दिसली की कामटी, मोठ्या लोखंडाला बाजूने कुदळ. खोदायचे ते वाफशावर. खड्डा बुजवायचा. आणि पांढरीत राख-खापर दिसले की हत्यार खाली ठेवून तलाठ्याकडे जायचे.