नाव कोणाचे घालावे?

इंदापूर म्हणजे निवडणुकांचा मुलूख. साखर कारखाना, बाजार समिती, ग्रामपंचायत. कुठे ना कुठे पॅनेल उभे असतेच. आमची ख्रिस्ती मंडळी मूठभर, पण ते वारे आमच्याही खिडकीतून आत येते. मंडळीचा कारभार पाहणारे पंच निवडायचे झाले की, उपासनेनंतर कोणी उठून नाव पुकारी, दुसरा अनुमोदन देई, हात वर होत. पाच मिनिटांत काम आटोपे. ज्याचा आवाज मोठा, त्याचा माणूस!

गेल्या खेपेस पाळकसाहेबांनी तिघांची समिती नेमली आणि महिनाभर घरोघर जायला सांगितले. त्या तिघांत मी होतो. इच्छुक कोण, हे विचारायचेच नव्हते. विचारायचे एवढेच, की तुमच्या घरी अडचण आली तेव्हा धावून कोण आले? ज्याचे नाव निघेल त्याला विचार करायला आठ दिवस. नको म्हणाला तरी राग नाही.

ही काही नवी टूम नव्हे. यहूदाची रिकामी जागा भरताना सुमारे १२० जण जमले होते. त्यांनी आधी दोन नावे पुढे केली, प्रार्थना केली आणि मगच चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली मत्थियाची. पुढे रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकूर झाली, तेव्हा सात माणसे शोधण्याचे काम प्रेषितांनी लोकांवरच सोपवले. आपल्याकडे अहमदनगरची (आजच्या अहिल्यानगरची) मंडळी १८३३ सालची. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८५४ साली. घाई कोणालाच नव्हती.

आमची यादी होत आली आणि पेच पडला. माझे मामा कित्येक वर्षे पंच. मंदिरावरचे पत्रे त्यांच्याच खटपटीने पडलेले. पण आमच्या प्रश्नाला त्यांचे नाव एकाही घरातून आले नाही. गुडघे धरल्यापासून ते बाहेर पडतच नसत. एका परिचारिकाबाईंचे नाव मात्र नऊ घरांतून आले. हे मामांना सांगायचे कोणी? बाकीच्या दोघांनी माझ्याकडे पाहिले.

चहा घेता घेता मी अडखळत सांगितले. आत मामींच्या भांड्यांचा आवाज थांबला. मामा बराच वेळ गप्प होते.

"त्या बाईंना विचारलंत?"

"विचारलं. हिशेब येत नाही म्हणतात."

मामांनी कपाटातून लाल वही काढली, चष्मा पुसला. "संध्याकाळी पाठव त्यांना. दाखवतो."

बाईंनी आठही दिवस घेतले आणि मग होकार दिला. मामी मात्र नाताळपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत.