तारामतीची पावती एक्कावन्न वर्षांनी

लेखमाला : पडद्याचा हिशेब – भाग ११

मागच्या भागात आपण यात्रेतल्या तंबू टॉकीजचा जमाखर्च मांडला होता. या आठवड्यात सेन्सॉरच्या दाखल्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण इथे हिवरखेडात शेजारच्या आजींनी एक प्रश्न विचारला आणि दाखला पुढे ढकलावा लागला.

दुपारची वेळ होती. आजी अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. समोर टीव्हीवर 'मुघल-ए-आझम' लागला होता. जोधाबाई दिसली आणि आजींचा हात थांबला.

"हे त सलीमची माय व्हय. हिले म्या तंबूत पाह्यलं होतं, माहेरी असताना."

नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, दुर्गा खोटे.

"मंग एवढं चांगलं काम करते, तं हिले बक्षिसं कितीक भेटले?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. १९४० च्या दशकात कलकत्त्याच्या चित्रपत्रकारांच्या संघटनेने दोन भूमिकांचा केलेला गौरव. १९५८ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. १९६८ मध्ये पद्मश्री. 'बिदाई'साठी १९७५ मध्ये फिल्मफेअर. आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार.

"बस्स?" आजी म्हणाल्या.

आजचा भाग त्या 'बस्स'वर आहे. पन्नास वर्षांची कारकीर्द, दोनशेच्या आसपास चित्रपट, आणि यादी दोन हातांची बोटंही न संपवणारी. आजकाल एखाद्या मालिकेतल्या नटाकडेही तीन वर्षांत याहून जास्त बाहुल्या जमतात. मग दुर्गाबाईंवर अन्याय झाला का? उत्तर देण्याआधी यादी वाचायला शिकलं पाहिजे. सातबाऱ्यावर नुसतं नाव पाहून कोणी जमीन घेत नाही. फेरफार कधी पडला, कोणी टाकला, हे आधी बघतात. पुरस्कारांचंही तसंच करू.

पहिला फेरफार : पुरस्कार जन्मला कधी?

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. घर मुंबईचं, सुखवस्तू आणि शिकलेलं. ऐन विशीत वैधव्य आलं, पदरी दोन मुलगे. घरंदाज बाईने सिनेमात काम करणं त्या काळी अब्रूचा प्रश्न होता, तरी त्या या धंद्यात उतरल्या. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' काढला. मराठीतला हा पहिला बोलपट. राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि राणी तारामती झाल्या दुर्गाबाई. वय सत्तावीस. चार वर्षांनी प्रभातच्याच 'अमर ज्योती'त त्यांनी समुद्रावरच्या चाच्यांची म्होरकी रंगवली. तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला.

या दोन भूमिकांना पुरस्कार किती? शून्य. कारण द्यायलाच कोणी नव्हतं. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. फिल्मफेअरही त्याच वर्षीचं. म्हणजे तारामतीनंतर बावीस वर्षांनी. त्या वेळी दुर्गाबाई पन्नाशीला टेकल्या होत्या, नायिकेच्या भूमिका मागे पडल्या होत्या आणि आई, सासू, राजमाता सुरू झाल्या होत्या. पीक निघून गेल्यावर मोंढा उघडावा, तसा हा प्रकार.

आमच्या भागातलं दुसरं उदाहरण घ्या. हिवरखेडच्या स्टेशनावरून पूर्वी मीटरगेजची गाडी सातपुडा ओलांडून खांडव्याला जायची. त्या खांडव्यात वाढलेले अशोककुमार १९३६ साली पडद्यावर आले. त्यांचा 'किस्मत' १९४३ चा. त्या काळात त्याच्याइतका चाललेला चित्रपट विरळा, पण त्यांच्या पुरस्कारांच्या यादीत तो सापडत नाही. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो १९६८ च्या 'आशीर्वाद'साठी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

यातही एक बारकावा आहे. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ चे खरे, पण सुरुवातीला ते चित्रपटांनाच मिळत, नटांना नाही. पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्यांनी ती आई उभी केली त्या वनमालाबाईंसाठी त्या वर्षी अभिनयाचं पदकच नव्हतं. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९६७ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. त्यानंतरच्या वर्षी अशोककुमार. सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री हे राष्ट्रीय पुरस्कार आले थेट १९८४ च्या चित्रपटांपासून. तेव्हा दुर्गाबाई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या.

आता यादीतल्या रिकाम्या जागा पुन्हा पाहा. त्यांत दुर्गाबाईंचं काही उणं दिसत नाही. उणं आहे ते त्या काळाचं.

दुसरा फेरफार : निवडलं कोणी?

पुरस्कार म्हटला की आपण सगळे एकाच ताटात वाढतो. खरं तर यांचे स्वयंपाकी वेगळे, चवीही वेगळ्या.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी निर्मात्याला अर्ज करावा लागतो. त्या कॅलेंडर वर्षात सेन्सॉरचा दाखला मिळालेला चित्रपटच चालतो. परीक्षक मंडळ चित्रपट पाहतं आणि थेट निकाल जाहीर करतं. तिथे नामांकन नसतं. निर्मात्याने अर्जच केला नाही, तर नट कितीही थोर असो, त्याचं नाव चर्चेलाही येत नाही.

फिल्मफेअरचं बी वाचकांच्या कौलातून रुजलं. पहिल्या वर्षी जेमतेम पाच पुरस्कार होते. त्यांची बाहुली घडवली एन. जी. पानसरे या मराठी शिल्पकाराने. पुढे नामांकनं आली: आधी काही नावं जाहीर करायची, मग त्यांतून एक निवडायचं. या पद्धतीत कधी कधी मजाही झाली. १९६३ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची तिन्ही नामांकनं एकट्या मीनाकुमारींना होती. त्या हरणं शक्यच नव्हतं.

पद्म पुरस्कार आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार एखाद्या भूमिकेसाठी नसतात, माणसाच्या एकूण कामासाठी असतात. फाळके पुरस्कार तर हयातभराच्या योगदानाचा. त्यामुळे या तिन्हींवरून नट त्या वर्षी कसा होता, हे कळत नाही. तो तोवर किती टिकला, हे कळतं.

दुर्गाबाईंच्या यादीतला सर्वांत जुना गौरव आला बंगालमधून, हेही लक्षात घ्या. 'चरणों की दासी' (१९४१) हा अत्र्यांच्या 'पायाची दासी'चा हिंदी अवतार. त्यात दुर्गाबाई खाष्ट सासू झाल्या होत्या आणि सून होत्या त्याच वनमालाबाई. दुसरा चित्रपट 'भरत मिलाप', त्यात त्या कैकेयी. महाराष्ट्रातल्या बाईची सासू आणि सावत्र आई कलकत्त्याच्या पत्रकारांनी टिपली. ती निवड रोज सिनेमे पाहून लिहिणाऱ्यांची होती, म्हणून मला ती या यादीत फार मोलाची वाटते.

तिसरा फेरफार : रकाना कोणता?

'बिदाई'साठी दुर्गाबाईंना फिल्मफेअर मिळालं ते सहायक अभिनेत्री म्हणून, वयाच्या सत्तराव्या वर्षी. या रकान्याचं मराठी बायकांशी जुनं नातं आहे.

फिल्मफेअरने १९५५ साली हा पुरस्कार सुरू केला. पहिल्याच मानकरी ठरल्या उषा किरण, म्हणजे वसईच्या उषा मराठे, 'बादबान'साठी. मग ललिता पवार, 'अनाडी'तल्या मिसेस डिसासाठी. मग सोलापूरच्या शशिकला, 'आरती' आणि 'गुमराह'साठी लागोपाठ दोन वर्षं. मग दुर्गाबाई. पुढे 'अर्थ'मधल्या मोलकरणीसाठी रोहिणी हट्टंगडी. रोहिणीताईंना 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टाही मिळाला, तोही सहायक अभिनेत्रीचा. आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारात हा रकाना सुरू झाला, तेव्हा 'पार्टी'साठी पहिला मान पुन्हा रोहिणीताईंचा.

म्हणजे फिल्मफेअरमध्येही आणि राष्ट्रीय पुरस्कारातही सहायक अभिनेत्रीचं खातं मराठी बाईने उघडलं. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण मला यात एक बोचही लागते. उच्चार कसलेल्या, कुठलीही भूमिका पेलणाऱ्या या बायका हिंदी सिनेमाने बहुतेक वेळा आई, सासू, नणंद आणि मोलकरणीच्या रकान्यात बसवल्या. नूतनसारखे अपवाद आहेत. त्यांच्याकडे मुख्य अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर होती. पण अपवाद मोजायला एक हात पुरतो.

नामांकनाचं दुखणं समजून घ्यायचं तर रीमा लागूंकडे पाहावं. 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव' या चार चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. बाहुली एकदाही हाती आली नाही. १८ मे २०१७ रोजी त्या गेल्या. विजेत्यांच्या यादीत त्या नाहीतच. पण आमच्या गावात 'वास्तव'मधली आई कोणाला विचारा, चहा टाकता टाकता सांगतील. विजेत्यांची यादी तर सगळेच वाचतात; नामांकनांची यादीही वाचली, की दरवर्षी कोण दारापर्यंत येऊन परत गेलं ते कळतं.

वर्तुळ

आता यादीतली शेवटची नोंद. माझ्या मते या कारकिर्दीतला सर्वांत अर्थपूर्ण योग इथे आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. फाळक्यांनी खूप शोध घेतला. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडं नेसवून तारामती केलं. भारताच्या पहिल्या कथापटाची नायिका एक पुरुष होता.

एकोणीस वर्षांनी तीच गोष्ट, तीच राणी, पण आता बोलणारी. आणि या वेळी तारामतीसाठी बाई मिळाली. चांगल्या घरातली, शिकलेली, नावानिशी पडद्यावर यायला तयार असलेली. फाळक्यांना न मिळालेली तारामती ती ही.

फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालचा. पहिल्या मानकरी देविका राणी. फाळके त्र्यंबकचे, चित्रसृष्टी उभी राहिली नाशिक, मुंबई, कोल्हापूर, पुण्यात. पण त्यांच्या नावाचा पुरस्कार मराठी कलावंताकडे यायला १९८३ साल उजाडलं. तो पंधरावा पुरस्कार होता आणि मानकरी होत्या दुर्गा खोटे. त्यांच्या आधी हा मान मिळालेल्या बायका तीनच: देविका राणी, रुबी मायर्स आणि काननदेवी. दुर्गाबाईंना तारामती देणाऱ्या शांतारामांना तोच पुरस्कार मिळाला दोन वर्षांनंतर, १९८५ चा. म्हणजे इथे नटी पुढे आणि दिग्दर्शक मागे.

सन्मानपत्रात एका भूमिकेचं नाव नसतं, हे मान्य. तरी १९३२ ची तारामती आणि १९८३ चा फाळके पुरस्कार शेजारी ठेवले, की ती एक्कावन्न वर्षांनी आलेली पावती वाटते. रक्कम भरली तेव्हा पावतीपुस्तकच छापलेलं नव्हतं, म्हणून उशीर झाला.

मग अन्याय झाला का?

माझं उत्तर असं. दुर्गाबाईंचा कोणी हक्क डावलला, असं या यादीवरून म्हणता येत नाही. जे पुरस्कार त्यांच्या हयातीत उभे राहिले, त्यांतले बरेच त्यांच्यापर्यंत पोचले. अन्याय आपण करतो. बक्षिसांची संख्या मोजून १९३२ च्या नटीला २०२० च्या नटाशेजारी उभं करतो, तेव्हा तो होतो. आज वर्षाला डझनावारी सोहळे होतात, वाहिन्या स्वतःच्याच मालिकांना बक्षिसं वाटतात. त्या भाऊगर्दीत आकडा फुगतो, त्याचं मोल मात्र वाढत नाही.

म्हणून वाचकांना विनंती. कोणा ज्येष्ठ नटाच्या पुरस्कारांची यादी वाचनात आली, तर शेजारी पेन्सिलीने तीन रकाने आखा: पुरस्कार कधी सुरू झाला, निवड कोणी केली आणि तो कोणत्या वर्गात मिळाला. मग त्याच नटाचे सर्वांत गाजलेले पाच चित्रपट खाली लिहा आणि जुळवून पाहा. निळू फुले, सुलोचनादीदी, श्रीराम लागू, कोणाचीही यादी घ्या. बऱ्याच वेळा गाजलेली भूमिका एकीकडे आणि पुरस्कार दुसरीकडे सापडेल.

दुर्गाबाई २२ सप्टेंबर १९९१ रोजी गेल्या. 'मुघल-ए-आझम'मधल्या ज्या जोधाबाईला पाहून आमच्या आजींचा हात थांबला, त्या भूमिकेचा पुरस्कार त्यांच्या यादीत नाही.

(पुढच्या भागात : महाराष्ट्र राज्य चित्रपट पुरस्कार कसे ठरतात?)