रेव्हरंड नारायण वामन टिळक : लेखणी, गाणे आणि दानधर्म

'टिळक' हे नाव उच्चारताच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे 'केसरी'चे संपादक लोकमान्य उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, त्याच काळी, त्याच आडनावाचे दुसरेही एक थोर गृहस्थ जन्मास आले. त्यांनीही हाती लेखणी धरली व पत्र चालविले. मात्र लोकांच्या ओठी त्यांचे नाव राहिले ते त्यांच्या गाण्यांमुळे. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. लेखणी, गाणे व दानधर्म ह्या तीन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र कशा आल्या, आणि त्यांची किंमत कोणास द्यावी लागली, हे आम्ही ह्या लेखात आमच्या वाचकांपुढे मांडीत आहो.

ऐरोलीच्या स्थानकावरून ठाण्यास जाऊन तेथे गाडी बदलली की थोड्याच वेळात कल्याण येते. टिळकांचे बाळपणीचे शिक्षण ह्याच कल्याणात झाले. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. लहानपणीच ते मातृसुखास अंतरले. पुढे नाशकास राहून त्यांनी संस्कृताचा चांगला व्यासंग केला. परंतु लग्न झाले, संसार अंगावर पडला आणि इंग्रजी शाळेतील शिक्षण अर्धेच राहिले. मग कधी शिक्षक, कधी पौराणिक, तर कधी छापखान्यात खिळे जुळविणारे, अशी नाना कामे त्यांनी केली. १८९१ साली ते नागपुरास गेले. तेथे संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांस मिळाले, आणि 'ऋषि' नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी संपादिले. पत्रकार टिळकांचा हा आरंभ होय.

त्यानंतर रेल्वेच्या एका प्रवासात भेटलेल्या युरोपियन सहप्रवाशाने त्यांस 'नवा करार' वाचावयास दिला. त्याचे वाचन व मनन करता करता त्यांचे मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन कित्येक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या. तरी धर्मासंबंधीचा निर्णय मात्र त्यांनी स्वतःच्या विचाराने, सवडीने आणि पूर्ण खात्री पटल्यावरच घेतला, हे येथे सांगितले पाहिजे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात टिळक रमले. तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे हिंदुस्थानात शंभरांपैकी जेमतेम पाच-सहा माणसांस लिहिता-वाचता येत होते. अशा देशात छापलेला लेख कितीही सुंदर असला तरी तो वाचणार किती? परंतु ज्यास अक्षरओळख नाही अशा शेतकऱ्यासही तुकोबांचे अभंग मुखोद्गत असतात. तेव्हा जे सर्वांपर्यंत पोहोचवावयाचे आहे ते गाण्यातून पोहोचविले पाहिजे, हा मार्ग टिळकांनी धरिला.

ह्यात एक अडचण होती. मंडळीत त्या काळी म्हटली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती इंग्रजी चालींतच गात. इंग्रजी शब्दात एखाद्या अवयवावर जोर पडतो आणि चालीचा ठेका त्या जोरावर बेतलेला असतो. मराठीत तसा जोर नाही. येथे ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व. त्यामुळे परकी चाल साधण्यासाठी ऱ्हस्व अक्षर ताणावे लागे, दीर्घ आखडावे लागे, आणि गाणाऱ्यास आपलीच भाषा परकी वाटे. कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधीच देशी चालींची व कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला.

त्यांनी अभंग व ओवी हाती घेतली. अभंगाची रचना किती सोपी आहे पाहा. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे व चौथ्यात चार, अशी एकूण बावीस अक्षरे. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण. त्यास पेटी नको, स्वरलेखनाची वही नको. टाळ असले म्हणजे झाले, आणि तेही नसले तरी हाताने टाळी वाजविता येते. पाठ करण्यास यमकाचे साहाय्य होते. म्हणून मजुरी करणारी बाई दळता दळता ते गीत म्हणू शकते. टिळकांनी अशी शंभराहून अधिक भक्तिगीते रचिली आणि स्वतः कीर्तनास उभे राहून ती गाइली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ती गीते आजही म्हटली जातात. इकडे 'फुलामुलांचे कवी' म्हणून सर्व महाराष्ट्र त्यांस ओळखू लागला, आणि बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरी येऊन राहिला.

आता दानधर्माविषयी. टिळक श्रीमंत नव्हते. मिशनचे बेताचे वेतन हीच काय ती त्यांची मिळकत. तरीही दुष्काळाच्या व प्लेगच्या त्या दिवसांत अनाथ व निराधार मुलांस त्यांच्या घरी आसरा मिळाला. हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत घरात टिकेल, ह्याची खात्री नसे. वाटेत कोणी गरजू भेटला की तो त्याचा झाला. आमच्या मते ह्या वृत्तीचे आणि त्यांच्या गाण्याचे मूळ एकच होते. जे आपणापाशी आहे, मग तो विचार असो की भाकरी, ते शेवटच्या माणसापर्यंत गेलेच पाहिजे, ही त्यांची तळमळ होती.

परंतु येथेच पालकांनी क्षणभर थांबावे. देणारे टिळक होते. पण दुसऱ्या दिवशी चूल पेटविण्याची चिंता लक्ष्मीबाईंस होती. आलेल्या प्रत्येक मुलाचे जेवण, धुणे, आजारपण त्यांनाच पाहावे लागे. हे सर्व त्यांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात सांगितले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्या पतीचा उतावळेपणा, राग व विसराळूपणा लपवीत नाहीत, आणि त्यांचे मोठेपणही लपवीत नाहीत. पुष्कळदा त्या हसतात, आणि वाचकासही हसवितात. लग्न झाले तेव्हा ज्यांस लिहिता-वाचता येत नव्हते, ज्यांस टिळकांनीच अक्षरे शिकविली, त्यांनी मराठीस हे अमोल पुस्तक दिले. टिळकांच्या दानाचा अर्धा वाटा त्यांच्या नावे मांडल्यावाचून हिशेब पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.

१९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. हे पत्र १८४२ साली अहमदनगरास निघालेले. म्हणजे गाणे हाती आले म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही. वाचणाऱ्यांसाठी लेख आणि न वाचणाऱ्यांसाठी गीत, असे दोन्ही व्यवसाय ते अखेरपर्यंत करीत राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडिले आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापन केला. दीक्षा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्यात बंधुभावाने यावयास मोकळीक होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य तेव्हा सुमारे दहा अध्यायांपर्यंतच आले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले.

आमच्या ऐरोलीत खाडीकाठच्या जुन्या गावठाणांत कोळीगीते गातात, देवळांत भजने होतात, प्रार्थनामंदिरांत उपासनेची गीते म्हणतात, आणि सेक्टरांतील इमारतींत देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे आपापल्या भाषांत गातात. ह्यांतील कोणतेही गाणे कमी प्रतीचे नव्हे. विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरी आजी जे गाणे म्हणते ते एकदा नीट ऐकून वहीत उतरवून घ्या, आणि त्याच्या चरणांची अक्षरे मोजून पाहा. कदाचित तुम्हांस त्यात अभंग वा ओवी सापडेल. आणि पालकांस आमची विनंती अशी की, मुलांस दान करावयास शिकविताना त्या दानाचा भार घरात कोणावर पडतो हेही त्यांस दाखवावे, आणि तो उचलण्यास त्यांचा हात लावून घ्यावा. टिळकांच्या घरी जे एकट्या लक्ष्मीबाईंवर पडले, ते आपल्या घरी सर्वांनी मिळून वाटून घेतले, तर त्या दोघांच्या चरित्रापासून आपण काही शिकलो असे होईल.