कीर्तनाची चाल आणि यहुदी संगीतातील नवे प्रयोग

कोरेगावातील एखाद्या देवळात उत्सवप्रसंगी कीर्तन ऐकावयास बसलेल्या श्रोत्याचा अनुभव प्रथम लक्षात घेऊ. कीर्तनकाराने साकी किंवा दिंडी म्हणावयास आरंभ केला की पुढील ओळ कोणत्या वळणाने जाणार हे त्या श्रोत्यास आधीच समजते. शब्द नवे असले तरी चाल त्याच्या कानांत लहानपणापासून मुरलेली असते. आता अशी कल्पना करावी की चाल तीच आहे, पेटी व झांज तीच आहे, भाषाही तीच शुद्ध मराठी आहे. परंतु आख्यान रामाचे किंवा ध्रुवाचे नसून अब्राहामाचे, योसेफाचे अथवा मोशेचे आहे आणि समोर बसलेला समाज शनिवारी कामधंदा न करणाऱ्या यहुदी लोकांचा आहे. ही केवळ कल्पना नव्हे. अशी कीर्तने महाराष्ट्रात गेल्या शतकापूर्वीच रचली व गायिली गेली आहेत. त्यांचा परिचय करून देणे, आणि जगातील इतर यहुदी संगीतप्रयोगांच्या शेजारी त्यांना ठेवून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा विचार आज करावयाचे कारण असे की, यहुदी परंपरेवर आधारलेल्या नव्या संगीताची चर्चा १९९० नंतर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ झाली आहे. तिचे केंद्र न्यूयॉर्क हे नगर होय. तेथील सॅक्सोफोनवादक व संगीतरचनाकार जॉन झोर्न यांची ‘क्रिस्टालनाख्ट’ ही रचना १९९२ साली जर्मनीतील म्यूनिक येथील संगीतोत्सवात सादर झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत यहुद्यांची प्रार्थनामंदिरे व दुकाने एका रात्रीत उद्ध्वस्त करण्यात आली, त्या रात्रीचे नाव ह्या रचनेस दिलेले आहे. पुढे झोर्न यांनी ‘मसादा’ नावाचा चौघांचा वाद्यमेळ उभारला. मसादा हा मृत समुद्राजवळील डोंगरी किल्ला; रोमन सैन्याविरुद्ध यहुदी बंडखोरांनी तेथे अखेरचा लढा दिला. ह्या मेळात सॅक्सोफोन, ट्रंपेट, मोठे बास तंतुवाद्य व ढोल एवढीच वाद्ये होती. ह्या मेळाची पहिली ध्वनिमुद्रिका १९९४ साली निघाली व तिला ‘आलेफ’ हे हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराचे नाव देण्यात आले. ‘मसादा’ ह्या एकाच नावाखाली झोर्न यांनी पुढे तीन रचनासंग्रह सिद्ध केले. त्यांतील रचनांची एकूण संख्या ६१३ भरते. यहुदी धर्मशास्त्रातील आज्ञांची संख्याही परंपरेने तेवढीच मानलेली आहे. ह्याच रचना विद्युत गिटार घेऊन रॉक संगीताच्या थाटातही वाजविल्या गेल्या.

ह्या प्रयोगाची रीत समजून घेणे अवघड नाही. पूर्व युरोपातील यहुद्यांच्या लग्नसमारंभांत वाजविणाऱ्या कलावंतांची एक जुनी परंपरा होती. तिला ‘क्लेझमर’ म्हणतात. आपल्याकडील सनई-चौघड्याच्या वाजंत्र्यांशी तिची तुलना करता येईल. ह्या संगीतात व प्रार्थनागायनात काही स्वरपंक्ती वारंवार येतात. त्यांतील एकीस ‘अहवा रब्बा’ असे एका प्रार्थनेच्या आरंभीच्या शब्दांवरून नाव पडले आहे. तिचे स्वर आपल्या पद्धतीने सांगावयाचे तर षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत व कोमल निषाद असे होतात. हिंदुस्थानी संगीतातील बसंतमुखारी रागाचे स्वर हेच आहेत. अर्थात स्वर एक असले म्हणून राग एक होत नाही. चलन, न्यास व आलापाची पद्धती ही निराळीच राहते. झोर्न यांनी अशा स्वरपंक्तींत लहान लहान सुरावटी बांधल्या आणि त्यांवर जॅझमधील मुक्त विस्ताराची रीत लावली. हा विस्तार करताना अमेरिकन वादक ऑर्नेट कोलमन यांच्या चौघांच्या मेळाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. सारांश, येथे स्वर परंपरेतून आले आणि ते मांडण्याची पद्धती बाहेरून घेतली गेली.

भारतातही ह्या जातीचा एक प्रयोग झाला आहे. इस्राएली संगीतकार शाय बेन त्सूर, इंग्लंडमधील रेडिओहेड ह्या रॉक वाद्यवृंदातील गिटारवादक जॉनी ग्रीनवुड आणि राजस्थानचे पारंपरिक कलावंत ह्यांनी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात एकत्र ध्वनिमुद्रण केले. ‘जुनून’ ह्या नावाने ते २०१५ साली प्रसिद्ध झाले. कव्वालीच्या ढंगात हिब्रू शब्द त्यांत ऐकावयास मिळतात. येथे शब्द हिब्रू आहेत व गायकी भारतीय. आता महाराष्ट्राकडे वळले असता ह्याहून निराळा, आणि ह्या दोहोंच्याही कितीतरी आधीचा, तिसरा प्रकार आढळतो.

कोकणात, मुख्यतः पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचा यहुदी समाज अनेक शतके राहत आला आहे. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नियम ह्यांमुळे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. मराठी ही त्यांची मातृभाषा होय. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम व ‘शमा’ ही मुख्य प्रार्थना त्यांनी टिकविली. परंतु हिब्रू भाषेचे ज्ञान मात्र दीर्घकाळ मागे पडले होते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधले गेले. एकोणिसाव्या शतकात कोचीनकडील यहुदी शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा ह्यांच्या द्वारे हिब्रूचा व धर्मग्रंथांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी अनेक प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठी अशा दोन्ही मजकुरांसह सचित्र छापला गेला.

मात्र छापील पुस्तक हाती आले तरी ते सर्वांस वाचता येतेच असे नाही. स्त्रिया, मुले व खेड्यांतील निरक्षर माणसे ह्यांना आपल्या पूर्वजांच्या कथा कोणत्या मार्गाने कळाव्यात, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर समाजातील काही तरुणांना मुंबईतील हिंदू कीर्तने ऐकून सुचले. १८८० साली मुंबईत ‘कीर्तनोत्तेजक इस्राएल मंडळ’ स्थापन झाले. बेन्यामिन शिमशोन अष्टमकर हे ह्या मंडळींतील प्रमुख कीर्तनकार व रचनाकार होते. ह्याच वर्षी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ करून ज्या नाटकाचा पाया घातला, त्याला किर्लोस्करांनी गाण्याचे नवे रूप दिले. आणि हे करताना कीर्तनातील साकी-दिंडी ह्यांचाच त्यांनी आधार घेतला. कीर्तनाची चाल नाटकात गेली व नाटकाची चाल कीर्तनात आली. त्या काळी मराठी माणसाच्या कानांवर सर्वत्र ह्याच चाली होत्या आणि बेने इस्राएल हे त्या श्रोत्यांपैकीच होते.

ह्या मंडळींनी काय स्वीकारले व काय वगळले, ते पाहिले असता त्यांची दृष्टी स्पष्ट होते. आख्यान सांगण्याची पद्धती, गद्य निरूपणानंतर पद घेण्याची रीत, ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या इत्यादी वृत्ते व त्यांच्या चाली हे सर्व त्यांनी घेतले. देवतांच्या वंदनास मात्र त्यांच्या धर्मात स्थान नव्हते. त्या जागी एकाच निराकार ईश्वराचे स्तवन आले. आणखी एक मर्यादा त्यांनी पाळली. सनातनी यहुदी प्रघातानुसार शब्बाथच्या प्रार्थनेत वाद्ये वाजवीत नाहीत. म्हणून कीर्तन हे प्रार्थनेचे अंग झाले नाही. उपासना हिब्रूत व जुन्या सुरांतच राहिली आणि कीर्तन तिच्या बाहेर उभे राहून शिकविण्याचे काम करू लागले. ख्रिस्ती मंडळींनीही अहमदनगरच्या बाजूस कीर्तनाचा असाच उपयोग केला होता. परंतु त्यांचा रोख नवा धर्म लोकांना सांगण्याकडे होता, तर बेने इस्राएलांचा रोख आपलाच धर्म आपल्याच माणसांना पुन्हा ओळखीचा करून देण्याकडे होता.

आता तिन्ही प्रयोग एकत्र ठेवून पाहावे. झोर्न यांच्या संगीतात यहुदीपण स्वरांत आहे. शब्द बहुधा नाहीतच. ‘जुनून’मध्ये ते शब्दांच्या भाषेत आहे. बेने इस्राएलांच्या कीर्तनात ते स्वरांतही नाही व भाषेतही नाही. ते केवळ कथेत व श्रद्धेत आहे. अहवा रब्बाची स्वरपंक्ती यहुदी संगीताचे लक्षण मानून जो कोणी हे कीर्तन ऐकावयास बसेल त्याला त्यात यहुदी असे काहीच सापडणार नाही, आणि तो ते ‘उसने’ म्हणून बाजूस सारील. हा निर्णय चुकीचा होय. पूर्व युरोपातील क्लेझमर वादकांनीही शेजाऱ्यांच्या सुरावटी घेतल्याच होत्या. आज ज्यांना आपण यहुदी स्वर म्हणतो त्यांत रुमानियन व युक्रेनी लोकसंगीताचा वाटा मोठा आहे. शेजाऱ्याची चाल घेऊन तीत स्वतःची कथा गाणे हीच ह्या परंपरेची जुनी रीत आहे. त्या दृष्टीने अष्टमकर आणि त्यांचे सहकारी हे परंपरेपासून दूर गेले नाहीत, तर तिच्याच मार्गाने चालले.

ह्या कीर्तनांचे पुढे काय झाले? प्रारंभी कीर्तन पुरुष करीत. पुढे ह्या पदांचे जतन मुख्यतः स्त्रियांच्या कंठांत व त्यांच्या हस्तलिखित वह्यांत झाले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना ह्या गावी आज त्यांची वस्ती आहे, तर महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे व रायगड येथे थोडी कुटुंबे उरली आहेत. तिकडे जन्मलेल्या पिढीची भाषा हिब्रू झाली. ज्या अडचणीतून कीर्तन जन्मास आले तीच आता उलटली आहे : तेव्हा लोकांना हिब्रू येत नव्हते म्हणून मराठीत गावे लागले, आता मराठी येत नाही म्हणून ती पदे मुकी होऊ लागली आहेत.

संशोधकांनी ह्याकडे लक्ष दिलेले नाही असे नव्हे. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ योहाना स्पेक्टर ह्यांनी ह्या समाजावर चित्रपट केला. मराठी कीर्तनाच्या अभ्यासिका ॲना शुल्ट्झ ह्यांनी अलीकडे ह्या पदांचे व ती गाणाऱ्या स्त्रियांचे परिश्रमपूर्वक संशोधन केले आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या आपल्या सामान्य इतिहासग्रंथांत ह्या रचनांना अद्याप योग्य ती जागा मिळालेली नाही, आणि येथेच आपले काम सुरू होते.

जुन्या मराठी पदसंग्रहांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या परिचित पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. बेने इस्राएलांच्या पदांतही हीच पद्धती आहे. स्वरलिपी नसते; कारण त्या काळी तिची गरज नव्हती. आज मात्र तेवढी एक ओळ हीच त्या पदाच्या गायनाची किल्ली उरली आहे, आणि मूळ चाल विसरली गेली की ती किल्लीही निरुपयोगी होते. ही चाल जाणणारा मनुष्य यहुदी असावयास हवा असे नाही. तो कोरेगावचा एखादा वृद्ध कीर्तनकार असू शकेल, सांगलीकडील जुन्या नाटकमंडळीत पेटी वाजविलेला एखादा वादक असू शकेल, अथवा माजघरात बसून आख्याने गाणारी एखादी आजी असू शकेल. दूर अश्दोद येथील एखाद्या वहीतील पदाचा सूर ह्या माणसांच्या स्मरणात जिवंत असणे अगदी संभवनीय आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी अशा जाणत्या माणसांकडून साक्या, दिंड्या व जुन्या पदांच्या चाली नावानिशी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर कीर्तनाच्या अभ्यासास त्यांचा उपयोग होईलच. शिवाय एका स्थलांतरित समाजाची गाणी पुन्हा गाता येतील.

झोर्न यांना परंपरेतून नवे संगीत निर्माण करता आले, कारण त्यांच्या हाताशी क्लेझमर वादकांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आणि प्रार्थनागायनाच्या लिहून ठेवलेल्या सुरावटी होत्या. उद्या एखाद्या तरुण वादकाने बेने इस्राएलांच्या कीर्तनावरून जॅझ वा रॉक पद्धतीची नवी रचना करावयाचे मनात आणले, तर त्याला आधार कशाचा मिळणार? साकीची व दिंडीची चाल त्याला उपलब्ध असली पाहिजे. ती जतन करणे हे येथील मराठी श्रोत्याच्या हाती आहे, आणि जाणती माणसे हयात आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.